विंचवाची गोळी, सायटेशनचा हिशेब आणि नार्नूरची पीएचसी

नार्नूर : दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावाने एक यादी बाहेर येते. जगातले 'टॉप दोन टक्के शास्त्रज्ञ'. यादी आली की नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरपासून आदिलाबाद, हैदराबादपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाच्या पोस्टी फिरायला लागतात. कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो, प्राध्यापकांचा सत्कार होतो. ज्यांचं नाव आलं त्यांनी मेहनत केलेली असते, सत्काराला कुणाची हरकत असायचं कारण नाही. पण ही यादी नेमकं काय मोजते, हे फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. ज्या भागात पऱ्हाटी वेचताना हाताला विंचू लागतो, तिथल्या माणसाला तर हे समजून घ्यायलाच हवं.

एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. हा स्टॅनफर्डने दिलेला पुरस्कार नाही. तिथले प्राध्यापक जॉन इओअ‍ॅनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात हा आकड्यांचा तक्ता पहिल्यांदा मांडला. आकडे एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस नावाच्या डेटाबेसमधून येतात. तक्ते दोन असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षाचा. फ्लेक्सवर बहुतेक वेळा कुठला ते सांगत नाहीत.

यात मोजतात ते सायटेशन. एका संशोधकाने आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा आधार घेतला आणि शेवटच्या संदर्भांत त्याचं नाव टाकलं, की दुसऱ्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा. एच-इंडेक्स म्हणतात तो 2005 मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. एच-इंडेक्स 20 म्हणजे त्या माणसाचे 20 लेख असे आहेत, की प्रत्येकाला किमान 20 सायटेशन मिळाली आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर हा माणसाचा नसतोच, तो नियतकालिकाचा असतो : मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. मोठ्या नियतकालिकात छापलेला एखादा लेख कुणीच वाचला नाही, असं होऊ शकतं आणि होतंही.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर सायटेशन ही उलाढाल आहे, नफा नव्हे. उलाढाल खोटी नसते, पण तिच्यावरून दुकान कसं चाललंय ते पूर्ण कळत नाही. शिवाय आपल्याच दुकानातून आपणच माल घेतल्याचं बिल फाडता येतं. स्वतःच्या जुन्या लेखांचा स्वतःच संदर्भ द्यायचा, मित्रांनी एकमेकांना द्यायचा. म्हणूनच या तक्त्यात स्व-सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे दिलेले असतात. फ्लेक्स छापणाऱ्याने दुसरा रकाना बघितला, असं सहसा होत नाही.

सरकारलाही हे उशिरा का होईना उमगलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 च्या मे महिन्यात आपल्याच मान्य यादीतून 4,305 नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. 2025 च्या एनआयआरएफ क्रमवारीपासून मागे घेतलेल्या शोधनिबंधांचे गुण वजा करायची पद्धत आली. म्हणजे मोजमाप चुकतंय, हे मोजणाऱ्यांनीच मान्य केलंय.

मेंदूचं औषध, मज्जातंतूचं विष

या सगळ्याची चांगली परीक्षा न्यूरोफार्माकॉलॉजी या शाखेत होते. मेंदू आणि मज्जातंतूंवर औषध किंवा विष कसं काम करतं, त्याचं हे शास्त्र. नाव जड असलं तरी विषय घरचा आहे. दारू सोडताना माणसाला जी तगमग होते तिचा मेंदूतल्या कुठल्या रसायनाशी संबंध आहे, यावर नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात उंदरांवर काम झालं. कोकरे, चोपडे आणि सुभेदार यांचा तो लेख 2006 मध्ये 'न्यूरोफार्माकॉलॉजी' याच नावाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. असं काम एका विटेसारखं असतं. त्यावर दुसरा वीट ठेवतो, तिसरा ठेवतो. इथे सायटेशन मोजणं बऱ्यापैकी योग्य आहे, कारण या कामाचं गिऱ्हाईक दुसरा संशोधकच आहे.

कधी कधी वीट कुठल्या कुठे जाते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो असा लेख लिहिला. सर्पगंधा आपल्या वैद्यांना जुनीच. लेख बाहेर पोचला, 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांवर प्रयोग करून मेंदूतल्या डोपामिनचं महत्त्व दाखवलं आणि त्यातून पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, उपचाराची वाट निघाली. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं. वकील यांना 1957 मध्येच अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं होतं.

पण सीमेवरच्या वाचकाला जास्त जवळचं उदाहरण आहे ते महाडचं.

बिरवाडीचा दवाखाना आणि लंडनचं 'लॅन्सेट'

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. घरची गरिबी. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाले आणि 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र मराठी वाचकांना ठाऊक आहे.

कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं मरत होती, मुलं तर जास्तच. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. कोणाला फक्त ठणका आहे, कोणाला घाम फुटलाय, कोणाला उलटी झाली, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब कधी वर गेला, छातीत पाणी कधी भरलं. या नोंदींवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. एका लेखकाचा, हृदयावर परिणाम होणार असल्याची आधीची लक्षणं सांगणारा. आजही कामाची गोष्ट त्यातून निघते : नुसता जीवघेणा ठणका असेल तर बहुतेक वेळा धोका कमी असतो. ठणका फारसा नाही, पण माणूस घामाने चिंब झालाय, उलट्या होतायत, हातपाय थंड आहेत, तर तो रुग्ण संकटात आहे. गावात नेमकं उलटं होतं. ओरडणाऱ्याला गाडीत घालतात आणि गप्प घाम गाळणाऱ्याला 'बरा आहे' म्हणून खाटेवर झोपवतात.

कारण मज्जातंतूंत आहे. या विंचवाचं विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारं बंदच होऊ देत नाही. तंतू एकसारखे पेटत राहतात आणि अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायनं रक्तात पुरासारखी सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध पंप करून थकतं, शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. डॉक्टर याला ऑटोनॉमिक स्टॉर्म म्हणतात. म्हणजे मरण विषाच्या हातून कमी आणि शरीरातल्याच रसायनांच्या पुरातून जास्त येतं.

मग उपाय काय? आधी बावस्करांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते थेंबाथेंबाने सलाईनमधून द्यावं लागतं आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. पीएचसीत ते परवडणारं नव्हतं. त्यानंतर त्यांनी प्रेझोसिन घेतलं. रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. त्या रसायनांचा पूर रक्तवाहिन्यांच्या ज्या दारावर येऊन धडकतो, त्या अल्फा रिसेप्टरलाच ती कुलूप लावते. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्रेझोसिनवरचा लेख 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जेमतेम दोन पानांचा. 1992 मध्ये त्यांनी पूर्वी सर्रास दिलं जाणारं अ‍ॅट्रोपीन विंचूदंशात उलट नुकसान करतं हेही लिहिलं. बावस्करांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे प्रेझोसिनआधी गंभीर रुग्णांतले शंभरातले 30 च्या आसपास दगावत होते, नंतर ते प्रमाण 1 टक्क्यापर्यंत खाली आलं.

1982 च्या त्या पहिल्या लेखानंतर 40 वर्षांनी, 2022 मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली.

एकच विंचू, दोन खाती

सायटेशनच्या हिशेबात हे काम कसं दिसतं, ते बघायला आणखी एक लेख शेजारी ठेवावा लागतो. याच भारतीय लाल विंचवाच्या विषातून अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या संशोधकांनी 1990 मध्ये आयबेरिओटॉक्सिन नावाचं एक द्रव्य वेगळं काढलं. पेशींवरचं पोटॅशियमचं एक विशिष्ट दार ते नेमकं बंद करतं. औषध म्हणून ते कुणाला देत नाहीत. पण मेंदू, हृदय, रक्तवाहिन्या यांवर प्रयोग करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांना ते हत्यार म्हणून लागतं, आणि जो वापरतो त्याला त्या लेखाचा संदर्भ द्यावाच लागतो. प्रयोग वाढले की सायटेशन वाढतात. यात वावगं काही नाही, विज्ञान असंच चालतं.

आता महाडच्या लेखाचं गिऱ्हाईक बघा. लेख वाचून किंवा कुणाकडून ऐकून पोलादपूरच्या, कर्नूलच्या, बेल्लारीच्या डॉक्टरने रात्री दोन वाजता एका पोराला गोळी दिली. पोरगं वाचलं, सकाळी घरी गेलं. त्या डॉक्टरने लेख लिहिला नाही, लिहिणारही नाही. म्हणून महाडच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. शंभर डॉक्टरांनी शंभर पोरं वाचवली तरी खातं तेवढंच. सायटेशनचं खातं लिहिणाऱ्यांचं आहे, वापरणाऱ्यांचं नाही. जगात विंचवावर लिहिणारे मुळात थोडे. मेक्सिको, ट्युनिशिया, इस्राएल, सौदी, भारत असे गरम देशांतले. कर्करोगावर लिहिणारे लाखो. लहान गावच्या बाजाराची उलाढाल हैदराबादच्या मार्केटशी लावली तर गावचा दुकानदार कायमच मागे दिसणार.

तरीही सायटेशन उडवून लावावं असंही नाही. विंचवाच्याच बाबतीत ते उपयोगी पडलंय. विंचवाची लस, म्हणजे विषाविरुद्धचं सिरम, द्यावं की नाही यावर जगात बराच वाद होता. ट्युनिशियातल्या चाचणीने 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सांगितलं, की सरसकट दिल्याने फायदा दिसत नाही. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनातल्या चाचणीने 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये सांगितलं, की गंभीर मुलांना फायदा होतो. विंचू वेगळा, देश वेगळा. आपल्या लाल विंचवाचं काय? ते महाडनेच तपासलं. 70 रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्रेझोसिन, निम्म्यांना प्रेझोसिन आणि मुंबईच्या हाफकिनचं सिरम. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल आला. दहा तासांत पूर्ण बरे झालेले : दोन्ही औषधं दिलेल्या 35 पैकी 32, नुसतं प्रेझोसिन दिलेल्या 35 पैकी 8.

म्हणजे ज्या माणसाचं नाव प्रेझोसिनशी जोडलेलं, त्यानेच नुसतं प्रेझोसिन पुरेसं नाही असा निकाल छापला. यादीत याला वेगळा रकाना नाही. पुढे पाँडिचेरीत लहान मुलांवर हीच तुलना पुन्हा करण्यात आली, तो लेख 2014 मध्ये आला. दुसऱ्याने वाचलं, संदर्भ दिला आणि आपल्या रुग्णांवर पुन्हा तपासलं. सायटेशनचा मूळ उपयोग हा. आकडा मोजणं नंतर आलं.

नार्नूरला काय पोचलं?

नार्नूर हे आदिलाबाद जिल्ह्यातलं डोंगराळ मंडल. गोंड, कोलाम, लंबाडा, आंध आणि मराठी बोलणारी घरं. घरात मराठी किंवा गोंडी, शाळेत आणि दवाखान्याच्या बोर्डावर तेलुगू, पलीकडे जिवती तालुका महाराष्ट्राचा. नीती आयोगाच्या आकांक्षित तालुक्यांच्या कार्यक्रमात नार्नूरचा समावेश आहे, त्यामुळे इथे आरोग्याचेही आकडे गोळा होतात. किती बाळंतपणं दवाखान्यात झाली, किती मुलांचं वजन झालं. चांगलंच आहे. पण आकड्यांच्या रकान्यात जे नाही त्याच्याकडे लक्ष कमी जातं, हा धोका शास्त्रज्ञांच्या यादीला आहे तसा तालुक्याच्या यादीलाही आहे.

लाल विंचू हा फक्त कोकणाचा नाही. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तेलंगण, तमिळनाडू, सौराष्ट्रात त्याच्या नोंदी आहेत. इथे लोक जास्त घाबरतात ते जंगलातल्या मोठ्या काळ्या इंगळीला. दिसायला भयंकर, पण माणसासाठी तिचं विष त्या मानाने सौम्य. धोका लहान, लालसर, बारीक नांग्यांच्या विंचवाचा. कवेलूच्या घरात, तुराट्यांच्या ढिगात, घरात साठवलेल्या कापसात तो असतो. मराठीत विंचू, वऱ्हाडकडच्या बोलीत इच्चू, तेलुगूत तेलू. डॉक्टरसमोर कुठल्या शब्दात सांगितलं आणि त्याला काय कळलं, यावरही उपचार ठरतो.

केंद्र सरकारने 2024 च्या मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. हा आराखडा सापाचा आहे, विंचवाचा नाही. ज्याची मोजणी होते त्याला औषध मिळतं, ही सरकारी दप्तराची रीत नवीन नाही.

शोधनिबंध वाचायला मिळणं ही तर वेगळीच अडचण. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चा 2011 चा लेख कुणालाही फुकट वाचता येतो. जुने लेख पैसे भरून. केंद्राने 2024 च्या नोव्हेंबरात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केली : तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं. ही सोय सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. आदिलाबादच्या रिम्ससारख्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या शिक्षकाला तिचा उपयोग. मंडलाची पीएचसी ही उच्चशिक्षण संस्था नाही. आणि गावात पहिला हात लावतो तो आरएमपी, त्याला तर इंग्रजी लेख दाखवूनही उपयोग नाही. बिरवाडीच्या पीएचसीत जे शिकलं गेलं, ते लंडनला जाऊन छापलं गेलं, आणि परत दुसऱ्या पीएचसीत यायला त्याला तिकीट पडतं. हा उफराटा व्यवहार आहे.

या परिसराला संशोधनाच्या दुसऱ्या प्रकारच्या वजनाचा अनुभव आहे. नार्नूरपासून जवळच्या मार्लवाईत क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ 1940 च्या दशकात राहिले. त्यांचा 'राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा ग्रंथ 1948 चा, जगभरच्या अभ्यासकांनी त्याचे संदर्भ दिले. पण मार्लवाईत दरवर्षी जानेवारीत लोक हायमेनडॉर्फ दांपत्याच्या समाधीपाशी जमतात ते त्या संदर्भांसाठी नव्हे. निजामाच्या सरकारात सल्लागार असताना त्यांनी गोंडांच्या जमिनीच्या पट्ट्यांसाठी आणि शाळांसाठी जे केलं, त्याची ती आठवण आहे.

विद्यापीठांनी आपल्या प्राध्यापकांचे आकडे जरूर लावावेत. फ्लेक्सवर दोन ओळी जास्त टाकल्या तरी चालतील : कुठल्या प्रश्नावर काम केलं, आणि ते कुणी वापरलं. औषधावरचं संशोधन असेल तर कुठल्या दवाखान्याने वापरलं, हेही. आणि नार्नूर, गादिगुडा किंवा सीमेपलीकडच्या जिवतीच्या वाचकाला आपल्या पीएचसीत जाऊन तीन गोष्टी विचारता येतील, त्यासाठी स्कोपस लागत नाही. औषधाच्या खोलीत प्रेझोसिन आहे का? विंचवाचं सिरम जवळ कुठे मिळतं, उटनूरला की थेट आदिलाबादला? आणि विंचू चावल्याची रजिस्टरमध्ये वेगळी नोंद होते, की 'अज्ञात दंश' म्हणून एकाच रकान्यात? गेल्या पावसाळ्यात इथे किती जणांना विंचू लागला आणि त्यातले किती जण पुढे पाठवावे लागले, हे त्या तिसऱ्या उत्तरावरूनच काढता येईल.